बोत्स्वानाच्या वाळूतून : माउन ते कसाने

सोमवार, माउन
भाड्याची हायलक्स ताब्यात घेतली. छपरावर घडीचा तंबू. देणाऱ्या बाई इंजिनाबद्दल जेमतेम एक वाक्य बोलल्या, टायरच्या हवेबद्दल मात्र बोलतच राहिल्या. सावुतीमार्गे कसाने तीनशेहून अधिक किलोमीटर आणि मध्ये पेट्रोलपंप नाही. टाकी काठोकाठ, वर दोन कॅन, पाणी, फावडं, कॉम्प्रेसर.

मंगळवार, ख्वाइ
दिवसभर खडखडाट. वाटेत गुरांची लाळ्या-खुरकुत रोखण्यासाठी घातलेलं कुंपण आणि तपासणी नाका लागला. दक्षिणेकडे येणाऱ्यांना कच्चं मांस आणता येत नाही; आम्ही उत्तरेला निघालेलो, म्हणून सुटलो.

बुधवार, सावुती
उजाडताच निघालो, गारव्यात वाळू जरा घट्ट असते. माबाबे फाटकापाशी हवा पस्तीस पौंडांवरून अठरावर आणली. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी तरंगतं. पुढे दोन वाटा : एक दलदलीची, दुसरी वाळूच्या उंचवट्यावरून. हा उंचवटा म्हणजे आटून गेलेल्या एका प्राचीन महासरोवराचा काठ. आम्ही तोच धरला. चारही चाकांना जोर, दुसरा गिअर, आणि स्टिअरिंग सैल. चाकोरी गाडीला आपणच नेते; तिच्याशी भांडणारा दमतो. ब्रेक दाबू नये, चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो. गती कमी झाली की आपल्याकडच्या घाटात शिकलेला पाय ॲक्सिलरेटरवर जातो, इथे तो आवरायचा. चाकं जागीच फिरू लागली तर ती फक्त खड्डा खणतात. अशा वेळी आपल्याच चाकोरीतून मागे यावं आणि पुन्हा पुढे जावं. एका चढावर हे दोनदा करावं लागलं.

सावुतीचा प्रवाह १९८२ मध्ये आटला तो २०१० च्या सुमारास परतला. मनाला येईल तेव्हा वाहणारी नदी. आज पात्र कोरडंच. मुक्कामाच्या तळाला कुंपण नाही. स्वच्छतागृहाभोवती मात्र किल्ल्यासारखी भिंत, कारण हत्ती पाण्यासाठी नळ उखडत. माणसांपेक्षा नळांची काळजी जास्त, आणि ते योग्यच!

गुरुवार, कसाने
घोहा फाटकानंतरची वाळू कालच्यापेक्षा खोल, पण हात आता सरावलेले. कचिकाउला डांबर लागलं. या वाटेने जाणाऱ्यांनी तिथेच थांबून हवा भरून घ्यावी; कमी हवेवर डांबरावर वेगात गेलं की टायर तापून फुटतो.