पत्रा, बोटे आणि गाणी

हेवी मेटल ऐकणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. या गोंगाटात ऐकण्यासारखे आहे तरी काय, हा पहिला. आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून वाढलेल्या माणसाचा या संगीताशी संबंध काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देण्याचा नाद आम्ही केव्हाच सोडला. ज्याला गोंगाट ऐकू येतो त्याला तो येतो, त्यात त्याचा दोष नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र आमच्यापाशी आहे. त्यासाठी आवडत्या गाण्यांपैकी चार गाणी निवडली आहेत. क्रम गुणवत्तेचा नाही. आमच्या घरात ती ज्या क्रमाने आली, तो आहे.

पहिले गाणे 'ब्रेकिंग द लॉ'. ज्युडास प्रीस्टच्या 'ब्रिटिश स्टील' (१९८०) या अल्बममधले, जेमतेम अडीच मिनिटांचे. १९९३ साली बजाजनगरातल्या आमच्या शेजाऱ्याने ते आम्हांला ऐकवले. आम्ही शाळेत होतो. तो आयटीआय करून एका कंत्राटदाराकडे लागला होता आणि दर सहा-सात महिन्यांनी कामावरून कमी होऊन घरी बसत होता. मुंबईहून कोणीतरी आणलेली कॅसेट गुलमंडीवरच्या दुकानात नेऊन त्याने तिची नक्कल भरून घेतली होती. गाण्यातला निवेदकही बेकार आणि वैतागलेला आहे. आम्हां दोघांनाही इंग्रजी अर्धेमुर्धेच समजे, पण एवढे समजण्यास ते पुरेसे होते.

या बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन संगीतात येण्यापूर्वी काही वर्षे ब्रिटिश स्टीलमध्येच नोकरीला होता आणि अल्बम आला त्याच वर्षाच्या प्रारंभी तिथल्या पोलाद कामगारांचा तीन महिन्यांचा संप झाला होता, हे आम्हांला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा कळत होते ते एवढेच, की हा आवाज ओळखीचा आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग बनवणारी लहान-मोठी वर्कशॉपे उभी राहिली. उन्हाळ्यात गच्चीवर झोपले की रात्रपाळीच्या पॉवर प्रेसचे ठोके ऐकू येत. एक ठोका, मग पत्रा बदलण्यापुरता अवकाश, पुन्हा ठोका. त्या ठोक्यांवर आम्ही झोपत असू. अण्णा, म्हणजे आमचे वडील, अशाच एका वर्कशॉपमध्ये होते. वैजापूर तालुक्यातली कोरडवाहू शेती भावांकडे सोपवून ते शहरात आले. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. २०२३ पासून ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले.

१९९२ साली अण्णांच्या डाव्या हाताची दोन बोटे प्रेसखाली गेली; तर्जनी आणि मधले, दोन्ही दुसऱ्या पेरापासून. घरात त्याविषयी बोलणे होत नसे. वर्कशॉपच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे कारण लिहिलेले होते. तो कागद आम्ही वाचला होता आणि, लिहावयास संकोच वाटतो, पण तो आम्हांला खरा वाटला होता. शाळेच्या पालकसभेला अण्णा येत तेव्हा डावा हात विजारीच्या खिशात ठेवीत. ते तसा ठेवतात याचे आम्हांला बरे वाटे.

दुसरे गाणे मेटॅलिकाचे 'वन' (१९८८). डाल्टन ट्रम्बोच्या 'जॉनी गॉट हिज गन' (१९३९) या कादंबरीवर ते बेतले आहे. युद्धात हात, पाय, डोळे, कान, जीभ सारे गमावलेला सैनिक शुद्धीवर असतो, पण ते कोणाला सांगू शकत नाही. शेवटी तो उशीवर डोके आपटून मोर्सच्या लिपीत बोलू पाहतो. गाणे संथ सुरू होते. पुढे ढोल आणि गिटार एकत्र येऊन ठोक्यांच्या झडी सुरू होतात. मशीनगनसारख्या, असे सर्व समीक्षक लिहितात. १९९४ च्या सुमारास एका दुपारी आम्ही ते मोठ्या आवाजात लावले होते. रात्रपाळी करून झोपलेले अण्णा बाहेर आले. "डबल मारतंय. बंद कर ते," एवढेच म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. आम्ही बंद केले. 'डबल' म्हणजे काय हे विचारले नाही. म्हाताऱ्या माणसांना हे संगीत सोसत नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष काढून मोकळे झालो. अण्णा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते.

तिसरे गाणे साहित्याच्या अभ्यासकांना जवळचे वाटेल. आयर्न मेडनचे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' (१९८४) तेरा मिनिटांहून मोठे आहे आणि कोलरिजच्या १७९८ सालच्या दीर्घकवितेचे कथानक ते जवळजवळ जसेच्या तसे सांगते. मूळ कवितेच्या काही ओळीही त्यात येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आम्ही इंग्रजीत एम.ए. करीत होतो तेव्हा, १९९९ साली, ही कविता अभ्यासाला होती. आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन वर्गात गेलो. सरांनी पूर्ण तेरा मिनिटे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: "हा म्हातारा खलाशी लग्नाच्या पाहुण्यालाच का थांबवतो? रस्त्याने बाकीची माणसे जात नव्हती काय?" उत्तर कवितेत आहे. ज्याला ही कथा ऐकवलीच पाहिजे, त्याचा चेहरा खलाशाला पाहताक्षणी ओळखू येतो. आम्ही ते उत्तर दिले आणि शाबासकी मिळवली. आपल्या घरात एक खलाशी आहे आणि त्याला अजून पाहुणा सापडलेला नाही, हे मात्र त्या वेळी सुचले नाही.

चौथे गाणे कालक्रमाने सर्वांत जुने. 'ब्लॅक सॅबथ' हे त्याच नावाच्या बँडच्या त्याच नावाच्या पहिल्या अल्बममधले पहिले गाणे, १३ फेब्रुवारी १९७० चे. पाऊस, दूरवरची घंटा, आणि मग तीनच स्वरांचा तो जड, सावकाश फेरा. हेवी मेटलचा जन्म इथे झाला असे बहुतेक जाणकार मानतात. बँड बर्मिंगहॅमचा, चौघेही कामगार वस्तीतले. गायक ऑझी ऑस्बोर्नने कत्तलखान्यात काम केले होते, मोटारींच्या भोंग्यांचे सूर जुळवण्याचेही केले होते.

२००१ साली एका सायबर कॅफेत या बँडविषयी वाचताना गिटारवादक टोनी आयोमीची हकिकत समोर आली. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करीत होता. नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आल्यावर परत जाऊच नये असे त्याला वाटत होते, पण आईने पाठवले. प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून त्याला तिथे बसवण्यात आले आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका हाच. कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. आगीत हात भाजल्यावर जँगो मुख्यतः दोन बोटांनी गिटार वाजवीत असे. मग आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या आणि त्यांवर चामडे चिकटवले. तारा बारीक घेतल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'पासून त्या सैलही केल्या, म्हणजे दाबायला जोर कमी लागावा. त्यातून स्वर खाली उतरले. ज्या जडपणामुळे या संगीताला 'हेवी' म्हणतात, त्यात या सैल तारांचा वाटा मोठा आहे.

त्या रात्री जेवताना आम्ही ही हकिकत अण्णांना सांगितली. नऊ वर्षांत त्यांच्यासमोर बोटांचा विषय आम्ही प्रथमच काढत होतो, आणि तोही परक्या माणसाच्या आडून. अण्णांनी संगीताविषयी काहीच विचारले नाही.

"रोजचं काम प्रेसवरच होतं का त्याचं?"

"नाही अण्णा, वेल्डिंगचं. प्रेसवाला आला नव्हता म्हणून बसवलं."

अण्णांचा घास हातातच राहिला. "असंच असतंय," ते म्हणाले. "मी पण पॅकिंगला होतो."

आमचे वडील प्रेस ऑपरेटर होते, असे आम्ही नऊ वर्षे समजत होतो. त्यांना प्रेसवर बसवले होते ते केवळ त्या रात्रीपुरते. मग त्यांनी उरलेलेही सांगितले. पेडल त्यांनी एकदाच दाबले. प्रेस खाली आली, वर गेली, त्यांनी तयार नग काढायला हात आत घातला आणि ती आपोआप पुन्हा खाली आली. क्लच झिजलेला असला की प्रेस असा दुसरा ठोका देते. त्याला कामगार 'डबल मारणे' म्हणतात. मशीन डबल मारते हे पाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होते, फक्त अण्णांना कोणी सांगितले नव्हते. पुढे जाळीही नव्हती. धोकादायक यंत्राला आडोसा हवा, असे तेव्हाच्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २१ मध्ये लिहिलेले होते. कागदावर मात्र निष्काळजीपणा लिहिला गेला, आणि त्या कागदावर विश्वास ठेवणाऱ्यांत आम्ही होतो.

"फोरमन चांगला भेटला त्याला," हात धुताना अण्णा म्हणाले.

त्या रात्रीनंतर 'वन' आम्ही पुष्कळदा ऐकले, पण घरात कधी लावले नाही.

१ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात केली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बँडचे विमान त्यानेच चालवीत आणले होते. आम्ही औरंगाबादहून रेल्वेने गेलो. 'राइम' त्यांनी पूर्ण वाजवले. मधल्या भागात वाद्ये जवळजवळ थांबतात तेव्हा सरांचा तो प्रश्न आठवला. खलाशी सांगायला तयार असतो, पण पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे ठाऊक नसते. आम्हांला ते कळायला बर्मिंगहॅमच्या एका वेल्डरची बोटे मध्ये यावी लागली. साहित्य आणि संगीत नेमके काय करते, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा आम्हांला याहून अधिक काही सांगता येत नाही.

५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र आले. ऑझीला उभे राहवत नव्हते; तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला आणि २२ जुलैला गेला. ती बातमी आली त्या आठवड्यात आम्ही अण्णांना मोबाइलवर त्या मैफलीचा तुकडा दाखवला. आता ते पंचाहत्तरीचे आहेत आणि त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नव्हता. ऑझीकडे त्यांनी पाहिलेच नाही. आयोमी दिसू लागताच फोन डाव्या हातात घेऊन त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"टोप्या घालतो का अजून?"

"घालतो."

"आणि वाजवतो?"

"वाजवतो, अण्णा."

तुकडा संपला. अण्णांनी तो पुन्हा लावायला सांगितला.