टर्म चालू राहू दे
व्यसनमुक्ती केंद्रातून पुन्हा कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्यास अनावृत पत्र

प्रिय मित्रा,

नाव मुद्दाम घालत नाही. तू मुलगा असशील किंवा मुलगी. सटाणा-कळवणहून येऊन हॉस्टेलवर राहणारा असशील, नाहीतर इंदिरानगरातून गाडीवर येणारा. उपचार संपवून तू या सत्रात पुन्हा नाशिकच्या कॉलेज रोडवर दिसणार आहेस. घरच्यांनी शेजारीपाजारी 'कावीळ झाली होती' असं सांगून ठेवलं असेल. हजेरीपटात तुझ्या नावापुढं मधले महिने कोरे आहेत आणि कट्ट्यावर मंडळी तीच आहेत. व्यसन सोडणं अवघड, हे सगळेच सांगतात. सोडून झाल्यावर जुन्याच जागी परत येऊन राहणं किती अवघड, हे फारसं कोणी बोलत नाही. पत्र चारचौघांत लिहितोय, कारण यातली निम्मी कामं तुझी नाहीत, तुझ्या आसपासच्यांची आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडी या अमली पावडरीचा कारखाना पकडला. मालाची किंमत ३०० कोटींच्या घरात सांगितली गेली. पुढं बरेच दिवस शहरात चर्चा कारखान्याची, टोळीची आणि पोलिसांची. ती पावडर ओढणाऱ्या पोरांचं काय, हा प्रश्न मागंच राहिला. दारूचं तर विचारूच नकोस. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं, कडक दारूसाठी २५. पण गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला वाढदिवस साजरा करताना कोण कोणाचं वय विचारतं? वाइनसाठी नावाजलेल्या या गावात 'मी घेत नाही' म्हणायलाही धीर लागतो.

पहिले काही महिने काय होईल, ते आधीच ऐकून ठेव. एमडीसारखं उत्तेजक द्रव्य थांबलं की झोपेचा ताल बिघडतो, मन उदास होतं, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी बेचव वाटतात. पुस्तक उघडलं तरी लक्ष लागत नाही. मेंदूची घडी पूर्ववत बसायला आठवडे, कधी महिने लागतात. जुनी जागा, जुना मित्र, हातात आलेले पैसे, परीक्षेची रात्र यांतलं काहीही तलफ जागी करू शकतं. आणि मधल्या खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते. 'एकदाच' म्हणून पूर्वीएवढीच मात्रा घेतली तर ती जिवावर बेतू शकते, विशेषतः ब्राउन शुगरसारख्या अमली पदार्थांत. त्यामुळं पाय घसरलाच तर लपवू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांग.

या वाटेवर तू पहिला नाहीस. १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईतली कोवळी पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीनं, १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. उपचार संपल्यावरही येत राहायचं, बोलत राहायचं, हा तिथला शिरस्ता. तिथं बरे झालेले कितीतरी जण पुढं तिथलेच कार्यकर्ते झाले.

त्याच १९८६ साली अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठानं वेगळी सोय केली. व्यसनातून सावरणाऱ्या विद्यार्थ्यांना कॅम्पसमध्येच एकत्र आणलं, त्यांच्यासाठी बैठका आणि शिष्यवृत्त्या ठेवल्या. १९८८ मध्ये रटगर्स विद्यापीठानं अशा मुलांसाठी वेगळं हॉस्टेलच काढलं. आपल्याकडं मुलगा केंद्रात जाऊन बरा होतो आणि कॉलेजात येऊन एकटा पडतो. मुक्तांगणनं शिकवलेला पाठपुरावा कॉलेजच्या आवारात आणणं, एवढंच आता करायचं आहे. त्याला इमारत लागत नाही. एक खोली, आठवड्यातला ठरलेला तास आणि तोंड बंद ठेवणारा एक प्राध्यापक एवढ्यावर सुरुवात होते.

कायदा बराचसा तुझ्या बाजूनं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळं उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांनाही आजार मानतो आणि तुझ्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मात्र पुरे करावे लागतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. तेव्हा ऑफिसात जाऊन 'समुपदेशक कुठं बसतात?' असं बिनदिक्कत विचार. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६, हे दोन्ही नंबर फोनमध्ये ठेव.

आता तुझ्या आसपासच्यांना. आई-बाबा, रोज खिसे तपासू नका. डॉक्टरांच्या तारखेला मात्र सोबत जा. मित्रांनो, 'एक घोट, काय होतंय' हे त्याच्यासमोर म्हणू नका, आणि पार्टीला न आल्याबद्दल चिडवू नका. प्राचार्य महोदय, एक हिशेब आपल्यासमोर ठेवतो. गणितात नापास झालेल्या मुलाला आपण एटीकेटी देतो, पुढच्या वर्गात बसू देतो, राहिलेला पेपर पुन्हा द्यायला लावतो. त्याला गुणवत्ता बुडाली असं कोणी म्हणत नाही. व्यसनातून उठून आलेल्या मुलाला मात्र हजेरी भरली नाही म्हणून वर्षाबाहेर काढलं, तर दिवसभर जायला त्याच्याकडं कट्टा तेवढा उरतो. वैद्यकीय कारणाची हजेरी मलेरियाला मिळते, तशी यालाही मिळावी.

मित्रा, पहिल्या आठवड्यात एकच काम कर. भरवशाचा एक माणूस निवड, मग तो शिक्षक असो, मैत्रीण असो की मेसचे काका, आणि खरं काय झालं होतं ते त्याला सांग. सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. अभ्यासाचा डोंगर एकदम उचलू नकोस. या सत्रात एखादा विषय राहिला तर राहू दे. पेपर ऑक्टोबरमध्ये पुन्हा देता येतो. कॉलेज तेवढं सोडू नकोस.

तुझा,
एक नाशिककर