व्यायामशाळेतला आवाज

आमचा भाचा सांगलीला विश्रामबाग भागात जिम काढणार असे ठरले, तेव्हा यंत्रे, वजने, आरसे यांविषयी त्याने आम्हांला काही विचारले नाही, आणि ते योग्यच होते. आम्ही दोघे भाऊ, एक साताऱ्याला आणि एक सांगलीला. दोघांच्याही देहयष्टीकडे पाहून कोणी व्यायामाविषयी सल्ला मागावा अशी परिस्थिती नाही. परंतु उमेदीची सारी वर्षे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि सभांचे माईक दुरुस्त करण्यात गेल्यामुळे एका बाबतीत घरात आमच्या शब्दाला अजून थोडा मान आहे. “मामा, आवाजाचे तेवढे तुम्ही दोघे बघा,” असे म्हणून त्याने कर्जाच्या रकमेतून दीड लाख रुपये बाजूला काढून ठेवले, आणि वर पुस्ती जोडली, “फक्त डॉल्बीसारखा दणका बसला पाहिजे.”

वाचकहो, आमच्या सातारा-सांगलीकडे ‘डॉल्बी’ या शब्दाचा अर्थ काय होतो हे मुंबई-वसईच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर पेट्यांची भिंत रचून जी मिरवणुकीत फिरवली जाते, ती डॉल्बी. या पेट्यांचा डॉल्बी कंपनीशी काडीचा संबंध नसतो. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे सल्लागार म्हणून भारतात राहिले होते. १९६५ मध्येच त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली आणि टेपवरच्या संगीतामागे जी बारीक खरखर ऐकू येते ती घालवण्याची युक्ती शोधून काढली. नको असलेला आवाज कमी करणे, ही त्यांची पहिली कीर्ती. आम्ही टेपरेकॉर्डर उघडून बसत असू त्या काळी डॉल्बीचे बटण दाबले की खरखर मागे सरे आणि गाणाऱ्याचा श्वास ऐकू येई. त्याच गृहस्थांचे नाव आमच्याकडे छातीत धडकी भरवणाऱ्या पेट्यांना चिकटावे, हा भाषेचा विनोद म्हणायचा. साताऱ्यात २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत भिंत कोसळून तीन माणसे दगावली, तेव्हा लोकांनी बोट दाखवले ते डॉल्बीच्या हादऱ्यांकडेच. त्यानंतर विनोद फारसा उरला नाही.

भाच्याला नाही म्हणण्याचे आमचे खरे कारण मात्र याहून जुने आहे. आमच्या वडिलांनी एका गिरणीच्या साचेखात्यात तीस वर्षे काढली. घरी आल्यावर ते मोठ्याने बोलत, आणि लहानपणी आम्हांला वाटे की ते रागावले आहेत. कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. तीव्र स्वर आधी जातात. म्हणजे प्रथम पाखरे जातात, मग ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक, मग बायका-मुलांचे बोलणे. निवृत्त झाले त्या सुमारास वडील ओठ पाहून शब्द ओळखत. रविवारी चर्चमध्ये गायनवृंदाची तोंडे हलताना पाहत ते बसून राहत आणि माणसे उभी राहिली की उभे राहत. कोणाला काही कळत नसे. आईला कळे.

तेव्हा प्रथम आम्ही दोन्ही गावांतल्या जिम ऐकत फिरलो. साताऱ्याच्या एका प्रशस्त जिममध्ये एका टोकाला माणसाच्या उंचीच्या दोन पेट्या उभ्या होत्या. त्यांच्याजवळ दंडाचा व्यायाम करणाऱ्या मुलांच्या कानांवर अक्षरशः घाव पडत होते, आणि दुसऱ्या टोकाला धावपट्टीवर चालणाऱ्या गृहस्थांना नुसती धडधड ऐकू येत होती. त्यांनी आपल्या मोबाईलची गाणी कानांत खुपसली होती, आणि खोलीतला गोंगाट झाकला जावा म्हणून ती आणखी मोठी केली होती. सांगलीतल्या एका लहान जिममध्ये खुर्चीवर ठेवलेला, दिवे लुकलुकणारा, लग्नसमारंभाला शोभेल असा स्पीकर होता. तेथली प्रशिक्षक मुलगी सकाळच्या तिसऱ्या वर्गाला आकडे मोजत होती तेव्हा तिचा घसा पार बसला होता. तिचे वय पंचविशीच्या आत असावे.

या फेरीत कराडला उतरून गोळेश्वर पाहून यावे असे थोरल्याच्या मनाने घेतले. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचे ते गाव. कृष्णाकाठच्या जुन्या तालमींत आवाज कसला, तर शड्डूचा, श्वासाचा आणि वस्तादाच्या हाकेचा. हलगी वाजते ती मैदानात, तालमीत नव्हे. धाकट्याचे म्हणणे असे की, आजचा मुलगा भाड्याच्या मजल्यावर, लोखंडाच्या खणखणाटात आणि अनोळखी माणसांत व्यायाम करतो. त्याला तालाची सोबत लागते, त्यात गैर काही नाही. यावर आमचे एकमत झाले नाही. परंतु भाच्याला जिम चालवायची होती आणि गाणी लागणारच होती, म्हणून हा वाद आम्ही कऱ्हाडच्या बसस्थानकावरच सोडून दिला.

जागा पहिल्या मजल्यावरची. साठ फूट लांब, तीस फूट रुंद. एका लांब भिंतीला आरसे, खाली फरशी, वर सिमेंटचा स्लॅब. आवाजाच्या दृष्टीने ही जागा म्हणजे रिकामा हंडाच. आरशावर आपटलेला आवाज समोरच्या भिंतीवर जातो आणि पुन्हा आरशाकडे येतो. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांच्याकडे आम्ही चहाला गेलो तेव्हा त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. किती वाजता सुरू होणार, एवढेच विचारले. भाच्याने पाच वाजता असे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, बशीतला चहा मात्र बराच वेळ तसाच राहिला.

दुकानदार वॅटची भाषा बोलतो. आमच्या काळी तर लहानशा पेटीवर ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे छापून पुढे हजाराचा आकडा लिहिलेला असे, त्याला आधार कशाचाच नसे. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट झाला असे होत नाही. तो तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात, आणि त्यासाठी दसपट वॅट लागतात. दुसरीकडे, मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंती थोडे परत देतात, तरीही टोकाच्या माणसाला पुरेल एवढा आवाज एका ठिकाणाहून फेकायचा तर जवळच्या माणसाचे कान फोडावे लागतात. म्हणून दोन मोठ्या पेट्यांऐवजी आठ लहान स्पीकर भिंतींवर सारख्या अंतराने लावावेत, म्हणजे प्रत्येक माणूस कोणत्या तरी स्पीकरच्या जवळ राहील आणि कोणालाच ओरडावे लागणार नाही, असे आम्ही सुचवले.

इतके स्पीकर लांब तारेवर जोडायचे तर शंभर व्होल्टची लाईन बरी. शाळा, रेल्वे स्थानके, मोठी चर्चे येथे हीच पद्धत असते. ॲम्प्लिफायर ऊर्जा उच्च दाबाने पाठवतो, त्यामुळे तारेत ती फारशी वाया जात नाही, आणि प्रत्येक स्पीकरमागचा छोटा ट्रान्सफॉर्मर त्याला हवी तेवढीच उचलू देतो. आम्ही प्रत्येकाला वीस वॅटवर ठेवले. आठ विसे एकशे साठ, म्हणून ॲम्प्लिफायर अडीचशे वॅटचा घेतला. तो दमेपर्यंत चालवायचा नसतो. जमिनीवर ठेवायचा भला मोठा वूफर आम्ही नाकारला. खर्जाचा हादरा हवेपेक्षा स्लॅबमधून जास्त खाली उतरतो. भाचा इथे हिरमुसला. तेव्हा आम्ही त्याला मिरजेला नेले. तेथल्या सतारमेकरांच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एक कारागीर घोडीवर कानस फिरवून जवारी लावत बसले होते. कानस हलकेच फिरे, तार छेडली जाई, पुन्हा कानस. शेवटी तंबोरा बोलू लागला तेव्हा दुकान भरून गेले, आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला तो ऐकूही गेला नसेल. भाचा काही बोलला नाही. मिरजेहून परतताना वूफरचा विषयही त्याने काढला नाही.

आवाज किती ठेवायचा, हा प्रश्न राहिला होता. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या १९९८ च्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तास काढावेत, ८८ मध्ये चार, ९१ मध्ये दोन, ९४ मध्ये एक. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. गिऱ्हाईक येते तासाभरासाठी. ९४ मध्ये त्याचे निभावेल. पण प्रशिक्षक सकाळचे पाच तास आणि संध्याकाळचे पाच तास तेथेच उभा असतो, आणि त्याला गाणी निवडण्याचा अधिकारही नसतो. भाच्याने दोन मुलगे आणि एक मुलगी कामाला ठेवली आहेत. आमच्या डोळ्यांपुढे साचेखाते आले. यंत्रांच्या भागात ७० ते ७५, वर्गाच्या कोपऱ्यात ८० च्या आत, असे ठरले. त्या कोपऱ्याला वेगळी खुंटी आणि प्रशिक्षकाला डोक्यावर बसणारा माईक दिला. या माईकवर पैसे वाचवू नयेत. घसा हेही कमाईचे साधन आहे.

आता कायदा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि दिवस सुरू होतो सकाळी सहाला. म्हणजे पहाटे पाचचा वर्ग कायद्याने रात्रीत मोडतो. भाचा म्हणाला, “मामा, तोच वर्ग सगळ्यात भरणारा आहे.” वर्ग पाचलाच ठेवला, गाणी सहानंतर. वजने ठेवण्याच्या जागी जाड रबर अंथरले. खरे पाहता खालच्या घराला संगीताहून खाली आपटलेल्या वजनांचाच त्रास अधिक होतो, हे दुकानदार सांगत नाही. वूफरचे वाचलेले पैसे बरेचसे या रबरात गेले. आरशासमोरच्या भिंतीवर कापडात गुंडाळलेले काचलोकरीचे तक्ते लावले.

गाण्यांच्या परवान्याचेही थोडक्यात सांगतो, कारण ते अनेकांना ठाऊक नसते. मोबाईलवर पैसे भरून घेतलेली गाणी घरच्या कानांसाठी असतात. धंद्याच्या जागी वाजवायची तर ध्वनिमुद्रणाच्या मालकांचा हक्क वेगळा आणि गीतकार-संगीतकारांचा वेगळा. या दुसऱ्या हक्कासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. भाच्याने नाक मुरडले. जिमची वर्गणी न भरता कोणी वजने उचलून गेला तर तुला चालेल का, असे थोरल्याने विचारले.

जिम सुरू झाली आहे. ॲम्प्लिफायर कपाटात बंद असतो आणि किल्ली प्रशिक्षक मुलीकडे राहते, ही अट आम्हीच घातली. पहिल्या आठवड्यात तीन मुलांनी आवाज कमी म्हणून कुरकुर केली. त्यांतला एक सोडून गेला. पहाटेच्या वर्गात आता श्वास ऐकू येतात. थोरला हे सगळ्यांना सांगत सुटला आहे. जिन्याजवळचा एक कोपरा मात्र अजून थोडा मुका राहिला आहे. तेथे नववा स्पीकर लागेल, आणि ॲम्प्लिफायरमध्ये त्याला जागाही आहे. भाचा म्हणतो, दिवाळीनंतर बघू.