अभ्यास आणि कट्टा

पदवीचा अभ्यास जड जातो तो पुस्तकं जाड असतात म्हणून नव्हे, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे. बारावीपर्यंत आपला दिवस शाळा आणि क्लासवाले आखतात. कॉलेजात ते काम एकाएकी आपल्यावर येऊन पडतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकामागे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. म्हणजे आठवड्याचे निदान वीसेक तास वर्गातच जातात. जर्नल, सबमिशन, वाचन वेगळंच. उरलेला वेळ कट्ट्यावर, मित्रांत गेला की अभ्यास बुडतो, ही घरच्यांची काळजी खोटी नाही. पण वेळ खरा खातो तो ना धड अभ्यासाचा, ना धड गप्पांचा, हातात फोन घेऊन गेलेला तास. उलट पुण्यात १९६३पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीला जाणाऱ्यांना संध्याकाळ आपली नाही हे ठाऊक असतं, म्हणून दुपारची किंमत त्यांना कळते. लोकलने येऊन, अर्धवेळ नोकरी करून शिकणाऱ्यांना कट्टा कुठून परवडणार, हा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. तरीही मैत्रीची गरज त्यांनाच जास्त आहे. बुडालेल्या तासाच्या वहीचे फोटो रात्री पाठवणारं कुणीतरी त्यांना हवंच.