उन्हाचा रहिवास

उच्च शिक्षण पुरे झाल्यावर आपले बिऱ्हाड कोणत्या नगरात न्यावे, हा प्रश्न वरकरणी नोकरीचा, पगाराचा आणि घरभाड्याचा दिसतो. अमेरिकेत शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत तर तो सरकारी मुदतीचाही असतो. पदवी हाती आल्यानंतर काम करण्याची जी परवानगी मिळते ती एका वर्षाची, विज्ञान आणि तंत्रशाखांना आणखी दोन वर्षांची, आणि पहिल्या वर्षात ९० दिवसांहून अधिक काळ बेकार राहिल्यास रहिवासाचा हक्कच संपुष्टात येतो. पत्ता बदलला तर १० दिवसांच्या आत त्याची दप्तरी नोंद व्हावी लागते. इतक्या अरुंद वाटेने चालणाऱ्याने हवामानाची चिकित्सा करीत बसावे, हे कित्येकांना चैनीचे वाटेल. पण ज्याने उत्तरेकडील हिवाळे अंगावर काढले आहेत त्याला ठाऊक असते, की शहर निवडताना माणूस वस्तुतः एक ऋतू निवडीत असतो. वर्षातील कोणते महिने आपण निमूटपणे घरात कोंडून घेऊ, निसर्गाची कोणती खंडणी विनातक्रार भरू, हे तो ठरवीत असतो. उष्ण नगरातही ही खंडणी माफ होत नाही, तिचा हप्ता तेवढा निराळ्या महिन्यात येतो.

मॅडिसन हे विस्कॉन्सिनमधील नगर मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या भूमीवर वसले आहे, आणि त्याच्याविषयी कृतज्ञतेवाचून मला काही लिहिता येणार नाही. १८४८ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठाने मला भूजलशास्त्र शिकविले. मेंडोटाचे पाणी केव्हा गोठले आणि केव्हा मोकळे झाले याची नोंद तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवलेली आहे. त्या नोंदीतील बर्फाचे दिवस उत्तरोत्तर कमी होत चालले आहेत असे सांगताना तेथील वृद्धांच्या मुद्रेवर जी खिन्नता पसरते ती पाहिली म्हणजे कळते, की थंडी हीदेखील एखाद्या समाजाची वडिलोपार्जित मिरास असू शकते. गोठलेल्या सरोवरावर लहानशा खोपी उभारून, बर्फाला भोक पाडून, त्यात गळ सोडून तासन् तास बसणारी माणसे मी पाहिली. ती थंडी सोशीत नव्हती. ती थंडीत सुखाने बसली होती.

मला ते बसणे साधले नाही. जाड कोट, लोकरी मोजे, बर्फात न घसरणारे बूट, पायऱ्यांवर टाकायचे मीठ ही सारी सामग्री विकत मिळते आणि ती मी घेतली. २०१९ च्या जानेवारीत पारा शून्याखाली ३० अंशांच्याही खाली उतरला तेव्हा तिने माझे रक्षणही केले. परंतु नोव्हेंबरात समोरच्या घरातील वृद्ध दांपत्य दुहेरी दारांआड जे अदृश्य होई ते एप्रिलातच पुन्हा दृष्टीस पडे, आणि मधल्या काळात त्यांच्या अस्तित्वाची खूण म्हणजे खिडकीतला दिवा. पाडव्याच्या दिवशी पंचांगात चैत्र उगवलेला असे आणि अंगणात बर्फाचा मळकट ढीग पडलेला असे. तेथे ऋतूला दोष नव्हता, आणि माझ्या हाडांनाही नव्हता. दोघांची ओळख फार उशिरा झाली होती, इतकेच.

उन्हाची गोष्ट निराळी. अकोल्याच्या उन्हाळ्यात कसे राहावे हे मला कोणी शिकविल्याचे आठवत नाही. सकाळी नऊच्या आत खिडक्या लावून घ्यायच्या, तिन्हीसांजेला त्या उघडून अंगणात सडा घालायचा, माठाभोवती ओले फडके गुंडाळायचे, बाहेर पडताना कान झाकायचे, दुपारी पन्हे आणि रात्री गच्चीवर अंथरुणे. वैशाखातल्या त्या रात्री साऱ्या आळीचे बोलणे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात असे आणि कोणाचे लेकरू रडते आहे हे चार घरांना कळत असे. थंडीशी माझा व्यवहार साधनांचा होता, उन्हाशी संस्कारांचा. म्हणून नकाशा पुढे घेऊन बसले तेव्हा मी शोधीत होते ते निव्वळ ऊबदार हवेचे गाव नव्हते. जेथे हे लहानपणी अंगवळणी पडलेले ज्ञान पुन्हा कामास येईल असे गाव मला हवे होते.

यि-फू तुआन यांचे नाव मी मॅडिसनमध्येच प्रथम ऐकले. १९३० साली चीनमधील तिएनत्सिन येथे जन्मलेल्या या भूगोलज्ञाने माणसाच्या स्थळावरील प्रेमाविषयी १९७४ साली ‘टोपोफिलिया’ हा ग्रंथ लिहिला, उत्तरायुष्यात मॅडिसनच्या विद्यापीठात अध्यापन केले, आणि २०२२ साली त्याच नगरात देह ठेवला. पण ज्या भूप्रदेशावर त्यांचा खरा जीव होता तो वाळवंटाचा. १९५७ साली बर्कली येथे त्यांनी जो डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला तो आग्नेय अॅरिझोनातील डोंगरपायथ्यांच्या उतरत्या खडकाळ पठारांवर होता. बर्फाच्या मुलखात वृद्ध झालेल्या या विद्वानाच्या मनात आयुष्यभर एक उघडा, निर्जल, प्रखर प्रदेश नांदत होता, ही गोष्ट मला फार जवळची वाटली. एखाद्या भूमीकडे ओढ वाटणे हा केवळ हळवेपणा नसून अभ्यासाला योग्य असा मानवी अनुभव आहे, हे त्यांच्या जीवनाने मला पटविले, आणि अॅरिझोनाकडे माझी दृष्टी गेली ती त्यांच्या त्या जुन्या प्रबंधाच्या मागोमाग.

इतर उष्ण नगरांचा विचार मी केला नाही असे नाही. ह्यूस्टनमध्ये माझे आप्त आहेत, मराठी मंडळी विपुल आहेत. पण तेथील ऊन दमट, मुंबईच्या उन्हाचे सख्खे भावंड, आणि त्याशी वऱ्हाडच्या माणसाचे कधीच जमत नाही. सॅन डिएगोची हवा बारमाही प्रसन्न आहे, आणि त्या प्रसन्नतेची किंमत घरमालक पुरेपूर वसूल करतात. फीनिक्स मात्र वाळवंटातलेच. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात तेथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ अंशांच्या वर गेला, आणि डांबर व सिमेंट यांनी दिवसा साठविलेली उष्णता रात्री परत करीत राहिल्यामुळे ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते अशा कितीतरी माणसांचे प्राण गेले. उन्हाचे संस्कार सावली असलेल्यालाच उपयोगी पडतात, हे त्या बातम्या वाचताना मनाला सारखे टोचत होते, आणि अजूनही टोचते.

शेवटी राहिले टूसॉन. एखाद्या नगरात राहावे की नाही हे ठरवायचे असेल तर त्याच्या अवघड ऋतूत तेथे जावे, या समजुतीने मी जूनमध्ये गेले. हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० फूट उंचीवर, सभोवती डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे. उत्तरेला सांता कातालिना पर्वत, आणि पूर्वेस व पश्चिमेस सग्वारो या खांबासारख्या निवडुंगाची राखीव अरण्ये. दुपारी हवेतील आर्द्रता नाममात्र उरते, ओठ फाटतात, मोटारीच्या दाराला हात लावता येत नाही. आणि सूर्य मावळून दोन घटका होतात न होतात तोच डोंगरावरून वारा सुटतो, माणसे दारापुढे खुर्च्या टाकून बसतात, आणि रात्र अंगाला सुखावते. त्यातच, किट पीकच्या वेधशाळेला बाधा पोचू नये म्हणून रस्त्यावरील दिव्यांना आच्छादन घालण्याचा नियम या शहराने १९७२ सालीच केलेला असल्यामुळे एवढ्या मोठ्या वस्तीच्या माथ्यावर तारे दिसतात. गच्चीवर झोपलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

जुन्या वस्तीत मी एक संपूर्ण दुपार हिंडले. १७७५ साली स्पॅनिश लोकांनी येथे गढी बांधली, पुढे हा मुलूख मेक्सिकोकडे आला, आणि १८५४ च्या खरेदीखताने अमेरिकेच्या ताब्यात गेला. राज्ये बदलली तरी कच्च्या विटांचे घर बांधण्याची रीत तीच राहिली. भिंती हातभर जाड, रस्त्याला लागून, खिडक्या थोड्या. दारातून आत गेल्यावर एक छायेचा बोळ आणि त्याच्या शेवटी चौक. आपल्याकडच्या मातीच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला या घरात दिवा न लावता वावरता येईल. १९६० नंतरच्या दशकात नगररचनेच्या नावाखाली या वस्तीचा मोठा भाग पाडून तेथे सभागृहांची भव्य इमारत उठविली गेली. जी घरे उरली त्यांच्या भिंतीला त्या दुपारी मी तळहात लावला तेव्हा बाहेरून ती तापलेली होती आणि आतून माठासारखी गार होती. यंत्रावाचून हे घडविणाऱ्या माणसांचे ज्ञान आपण किती सहजपणे मोडीत काढतो, या विचाराने मला फार वाईट वाटले.

छपरांवर पत्र्याच्या चौकोनी पेट्या दिसल्या, आणि मी थबकले. ते कूलर होते. आपल्या विदर्भात घरोघरी खिडकीला लावतात तेच, फक्त येथे ते माथ्यावर चढविलेले. ताट्यांवर पाणी झिरपते, पंखा हवा ओढतो, कोरड्या हवेत पाणी उडून गारवा होतो. आषाढात पाऊस लागला, हवा दमट झाली, की अकोल्याचा कूलर निकामी होतो. टूसॉनमध्येही जुलैत वारे फिरून दक्षिणेकडून बाष्प आले, की त्याची हीच गत होते. या वाळवंटालाही स्वतःचा पावसाळा आहे. तोहोनो ओओधम हे येथील मूळ रहिवासी सग्वारोची लाल फळे लांब काठ्यांनी पाडतात, त्यांचे मद्य करतात, आणि त्या विधीने पावसाला बोलावतात. त्यांचे नवे वर्ष तेथून सुरू होते. मृग कोरडा गेल्यावर आभाळाकडे लागलेली वऱ्हाडातील डोळ्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला ही प्रतीक्षा परकी वाटणार नाही.

ज्या कार्यालयात मला काम मिळण्याचा संभव होता तेथील एका वयस्क गृहस्थांनी मला नगराबाहेर नेले. वाटेत मेस्किटची झाडे होती. आपल्याकडे शेतकरी जिला वेडी बाभूळ म्हणून शिव्या देतो तिच्याच कुळातले हे झाड येथे सावलीसाठी जपतात आणि त्याच्या शेंगांचे पीठ खातात. त्या गृहस्थांनी क्रिओसोटच्या झुडपाची एक डहाळी तोडली, ओंजळीत धरून तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, आणि ओंजळ माझ्यापुढे केली. चिकट, चकाकणाऱ्या त्या पानांतून पहिल्या पावसाचा वास आला, भर जूनमध्ये, निरभ्र आकाशाखाली.

नंतर त्यांनी जे दाखविले त्याने माझा निर्णय झाला. आव्रा खोऱ्यात बांधांनी वेढलेले विस्तीर्ण उथळ तलाव आहेत, आणि त्यांत कोलोरॅडो नदीचे पाणी सोडलेले असते. हे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने, वाटेत २,००० फुटांहून अधिक उंच चढवून आणलेले. १९९२ मध्ये ते प्रथम थेट नळांना सोडले तेव्हा जुन्या नळांतील गंज सुटून घरोघर तांबडे पाणी आले, लोक संतापले, आणि १९९५ साली मतदानाने त्यांनी ते थेट देण्यास मनाई केली. पुढे पाणी आधी जमिनीत मुरवायचे, भूजलात मिसळू द्यायचे, आणि मग उपसून प्यायचे असा मार्ग निघाला. मी बांधावर उभी राहून ते स्थिर पाणी खाली जाताना मनाने पाहत होते. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले होते त्याची मला आठवण झाली. दूरच्या नदीवर जगणारे नगर निर्धास्त नसते, आणि कोलोरॅडोचे पाणी आटत चालले आहे हे सर्वश्रुत आहे. अशा ठिकाणी आणखी एक तोंड घेऊन जाणे योग्य काय, हा प्रश्न मी स्वतःला कळकळीने विचारला, आणि माझे उत्तर असे आले, की जिची विद्या पाणी मुरविण्याची आहे तिने पाण्याची चिंता असलेल्या गावीच राहावे.

त्या रात्री आईशी बोलणे झाले. “काय गं, एवढं शिकून उन्हाळ्यातून उठून पुन्हा उन्हाळ्यातच चाललीस?” असे ती प्रथम म्हणाली, आणि लगेच तिने विचारले, “पाणी कसं आहे तिथलं? गोड की खारं?” पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या बाईचा हा पहिला प्रश्न असायचाच. मी सांगितले, की जमिनीतले गोड आहे, नदीचे जरा खारट, दोन्ही मिसळून येते. तिला ते पटले. मग मी पाहून ठेवलेले घर किती खोल्यांचे, ओसरी कोणत्या दिशेला, पश्चिमेच्या भिंतीला झाड आहे की नाही, असे एकेक विचारीत ती कूलरवर आली. येथे ताट्यांत अॅस्पेनच्या लाकडाचा बारीक कीस भरतात असे मी म्हणताच ती म्हणाली, “लाकडाला कसला आलाय वास? तू मापं कळव. वाळ्याच्या ताट्या करून घेते अन् सुरेशमामा डिसेंबरात येतील त्यांच्याबरोबर पाठवते.” दुसऱ्या दिवशी घरमालकाची परवानगी घेऊन, शिडी लावून, मी छपरावर चढले आणि चारही बाजूंची मापे टेपाने मोजून घेतली.