फकिराच्या खांद्यावरची कुऱ्हाड

रविवारी दुपारी आमच्याकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसतो. खेळ चालवायचं काम माझ्याकडे. खेळणाऱ्यांत सगळ्यात लहान माझा भाचा, आठवीतला. मागे त्याला नवं पात्र घ्यायचं होतं, तेव्हा त्यानं ‘मंक’ निवडला आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून आणलं. हिरवी कफनी, गळ्यात माळा, हातात कशकोल आणि खांद्यावर तबर, म्हणजे कुऱ्हाड.

“मामू, मंक म्हणजे फकीरच ना?”

या खेळात मंक १९७५ पासून आहे. पुस्तकांतल्या चित्रांत तो बहुतेकदा शाओलिनच्या भिक्षूसारखा दिसतो, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पण पोराचं चुकलं नव्हतं. इराणातल्या दरवेशांच्या जुन्या चित्रांत कशकोल आणि तबर बरोबरच दिसतात. आपल्याकडच्या फकिरांजवळ काळविटाच्या शिंगांचं, टोकांना पोलाद बसवलेलं माडू असायचं. कोल्हापूरच्या मर्दानी खेळातही ते आहे. उरुसात रिफाई फकिरांच्या हातातला गुर्ज तर मी लहानपणी पाहिलाय. तो ते स्वतःच्याच अंगावर चालवतात.

आता नियम. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे मंकला आखूड तलवार आणि जवळून वापरायची साधी हत्यारं चालतात: लाठी, खंजीर, भाला, गदा, हातकुऱ्हाड. ती अवजड किंवा दोन्ही हातांनीच पेलायची नसावीत. मोठी लढाऊ कुऱ्हाड यात बसत नाही. २०२० च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’नं मात्र एक ऐच्छिक वाट दिली. दुसऱ्या पातळीपासून, विश्रांतीनंतर, चालवता येणाऱ्या एखाद्या हत्यारावर मंकनं हात ठेवून चित्त एकाग्र करायचं. ते अवजड किंवा खास नियमांचं नसेल, तर त्याचं होतं. आम्ही पात्र ड्वार्फ जमातीचं केलं, कारण त्यांना ही कुऱ्हाड मुळातच चालवता येते. दाढीही फुकटात मिळाली.

संध्याकाळी माझ्या बहिणीनं ते चित्र पाहिलं.

“ही वही शाळेत न्यायची नाही.”

“अम्मी, वर्गात एकाच्या दप्तरावर तलवारीचं स्टिकर आहे. त्याला कोणी काही म्हणत नाही.”

“त्याचं नाव वेगळं आहे.”

यावर मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या रविवारी भाचा आला तेव्हा फकिराचा खांदा मोकळा होता. खोडरबरानं खोडलं तरी कुऱ्हाडीची रेघ दिसत होती. पात्राच्या कागदावर त्यानं ‘लाठी’ लिहिलं. “दोन्ही हातांनी धरली तर आठाचा फासा मिळतो,” तो म्हणाला. “कुऱ्हाडीला दहाचा. दोनचाच फरक आहे, मामू.”

तेरा वर्षांच्या पोरानं हा हिशोब स्वतःच करून टाकला होता.

पात्राचे कागद माझ्या कपाटात राहतात, शाळेत जात नाहीत. हे मी बहिणीला सांगितलं आणि लाठीच्या खाली कुऱ्हाडही लिहू का, असं विचारलं. तिनं कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि पोराकडे वळली.

“फकिराचं नाव काय ठेवलंस?”

नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. मग दोघं मिळून ते शोधत बसले, आणि मी खाली ‘कुऱ्हाड’ लिहिलं.