पुढचा ब्रेक

आमच्या खानदेशात सायकल शिकवणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आगला बिरेक दाबू नको पोऱ्या, उलथी पडशी!" वडिलांच्या काळ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारताना माझी उजवी बोटं म्हणूनच मुठीला चिकटलेली असत. ब्रेक म्हणजे डावा, मागच्या चाकाचा. त्याच्या सळ्या सांध्यासांध्यांतून वळसे घेत मागे पोहोचत, त्यामुळे ढिलाही तोच आधी होई. पुढची सळी सरळ आणि आखूड, दाबली की लागणारी. पण तिला हात लावायचा नाही. उतारावर मग चप्पल घासायची.

कॉलेजात भौतिकशास्त्राने निराळंच सांगितलं. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचं हलकं होऊन घसरतं. कोरड्या डांबरावर गाडी थांबवतं ते मुख्यतः पुढचंच. उलटतो तो कचकन दाबणारा. वाळूवर मात्र आमचे गुरुजन बरोबर होते.

मग हा ब्रेक उजव्याच हाताकडे का? कारण आपला रस्ता इंग्रजांसारखा डावीकडून. उजवीकडे वळायचं तर समोरची रहदारी ओलांडावी लागते, म्हणून उजवा हात काढून इशारा द्यायचा. तेवढ्या वेळात डाव्या हाताशी मागचा, सौम्य ब्रेक असलेला बरा. ब्रिटनच्या 2010च्या नियमांत हीच मांडणी आहे. हिशेब चोख आहे, फक्त अजिंठा चौफुलीवर हात दाखवून वळणारा सायकलवाला मला अजून दिसायचाय. आपल्याकडे मान वळवली की झालं, फार तर एक पाय बाहेर येतो.

अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून तिथे उलट. मुलीकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, इथे उजवा मागचा आहे हं." पुढचा डावीकडे! मी पहिल्या चौकापर्यंत सायकल हातात धरूनच चाललो.

इकडे 1 एप्रिल 2019पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एबीएस नाही तर जोडब्रेक सक्तीचा झाला. अशा स्कूटरवर डावा दाबला की पुढचं चाकही धरलं जातं. पुढच्या ब्रेकला जन्मभर भिणारी आमची अख्खी पिढी आता तो रोज दाबते, फुले मार्केटच्या गर्दीत तर पावलापावलाला. उजवीकडचा दांडा आहे तसाच आहे. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकच्या मते त्याची केबल बदलायला कोणी येतच नाही.